नातेवाईकांनी बाहेर थांबावे

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

क्रांती सोडून गेली, म्हणून हे लिहावं लागत आहे. दुसरं काही कारण नाही. दिवसभरात जे घडेल ते मी शटर ओढताना तिला सांगत असे आणि ती ऐकून घेत असे. आता सांगायला कोणी नाही. घरी सांगायची सोय नाही. विजयसिंहांच्या कानावर एखादी गोष्ट घातली की ती त्यांच्या फुटबॉलवाल्या मित्रांच्या कट्ट्यावर जाते आणि तिथून सगळ्या पेठेत. नवरा म्हणून उत्तम माणूस, पण लाऊडस्पीकर.

क्रांती माझ्याकडे इंटर्न म्हणून आली, असिस्टंट झाली आणि यंदा दिवाळीचा फराळ खाऊन गेली. मागच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, एक खोली घेऊन तिने स्वतःची फिजिओथेरपी सुरू केली आहे. भांडण वगैरे झालं नाही. मी एवढंच म्हटलं होतं की हे क्लिनिक आहे, हळदीकुंकू नव्हे. पेशंटच्या सासूची चौकशी करायचं काही कारण नाही. ती बरं मॅडम म्हणाली आणि गेली.

घरमालकीण नजीराबींचा वरच्या मजल्यावरून निरोप आला. जागेचा करार डिसेंबरात संपतो. क्रांती नाही, तर एकटीला जमणार आहे का, विचार करून सांगा. विचार कसला करायचा? शाहूपुरीत मी हे क्लिनिक उघडलं तेव्हा लोकांना फिजिओथेरपी म्हणजे मालिश वाटायचं. तेव्हा एकटीच होते. डिसेंबरात भरलेलं क्लिनिक दाखवते, म्हणावं.

त्यासाठीच आज हॉटेलातल्या सेमिनारला गेले. विषय: विश्वास आणि संवाद यांतून यशस्वी प्रॅक्टिस. बोलणारा पुण्याचा, माझ्या डिग्रीपेक्षा वयाने लहान. पेशंटच्या डोळ्यांत बघा, त्याला मध्येच तोडू नका, प्रश्न विचारू द्या, असं सांगत होता. मी उभी राहून विचारलं की हे सगळं करत बसायचं तर उपचार कधी करायचे. तो म्हणाला, मॅडम, माझं वाक्य पूर्ण होऊ द्या.

एकूण नवीन काही नव्हतं. विश्वास माझ्याकडे आहेच. माझ्यासमोर पेशंट खोटं बोलत नाहीत. फारसं बोलतच नाहीत. राहिला संवाद. तो उद्यापासून.

उजवा खांदा आखडला आहे. हॉटेलातला एसी.

३ नोव्हेंबर, सोमवार.

संवाद सुरू केला. दिवाळीनंतर न आलेल्या पेशंटना स्वतः फोन केले. एक म्हणाल्या, गावी आलेय बाई, राधानगरीकडं. मागून गिरणीचा आवाज येत होता. दुसऱ्या म्हणाल्या, मुंबईला लेकीकडं हाय. त्यांच्या मागेही गिरणी चालू होती. गिरण्या सगळीकडे असतात.

तिसऱ्याने फोन उचलून ठेवून दिला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यामुळे लोक बाहेर पडायला घाबरतात. सीझन संपला की येतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

नवी पेशंट. बनाबाई, उचगाव, घरच्या म्हशींची धार काढणाऱ्या. उजवा खांदा पूर्ण जाम. सोबत जाऊबाई, नाव बयाबाई. प्रश्न बनाबाईंना विचारला की उत्तर बयाबाईंकडून. कधीपासून दुखतंय? बयाबाई म्हणाल्या, गणपतीपास्नं. रात्री झोप लागते का? बयाबाई म्हणाल्या, न्हाय लागत, ही इव्हळतीया आन् आमी जागतोय. मी त्यांना दारावरची पाटी दाखवली. ‘नातेवाईकांनी बाहेर थांबावे.’ त्या म्हणाल्या, आमी नातेवाईक न्हाय बाई, आमी जावा-जावा हाय. बाहेर घातलं.

मग बनाबाईंच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी खाली बघितलं. मध्येच तोडायचा प्रश्नच आला नाही, कारण त्या काही बोलल्याच नाहीत. व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर वर चढत जायचं, हात जाईल तिथे थांबायचं, परत खाली. माझा डावा हात भिंतीच्या बाजूला होता, म्हणून डाव्याने दाखवला. समजलं का विचारलं. व्हय म्हणाल्या. काही प्रश्न? न्हाय म्हणाल्या.

संवाद पूर्ण. उगाच क्रांती अर्धा अर्धा तास लावायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

क्लिनिकची मांडणी बदलली. वरच्या फळीवरच्या हॉट पॅकच्या पिशव्या, बँडेज, जेल, सगळं मधल्या फळीवर आणलं. ते जास्त सोयीचं पडतं. इतकी वर्षं का नाही केलं, कळत नाही.

खांदा: एसीचा परिणाम आठ-दहा दिवस राहू शकतो. पन्नाशीनंतर बायकांचा खांदा असा हळूहळू जाम होतो, हे मी कॉलेजात शिकले आहे आणि शेकडो खांदे हाताळले आहेत. त्यामुळे हे ते नव्हे, एवढं मला नक्की कळतं. तरी खबरदारी म्हणून उद्यापासून सकाळी भिंतीचा व्यायाम. सक्तीने. पेशंटना जो नियम तोच मला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळी पाणी गेलं होतं. व्यायाम राहिला.

८ नोव्हेंबर, शनिवार.

इचलकरंजीहून दिलदार आला. मागावर काम करतो. उभं राहून कंबर धरली आहे. आला म्हणजे तीन आठवड्यांनी उगवला, तोही न बोलावता सरळ आत, म्हणून आधी त्यावरून बोलले. घरी व्यायाम केलास का विचारलं. म्हणाला, करणारच हुतो बाई, पण पावणे आले. मी त्याला सुनावलं. म्हटलं, व्यायामाला पाहुणे आडवे येत नाहीत, आळस आडवा येतो. पाहुणे काय तुझ्या कमरेवर बसले होते का? तो खाली मान घालून ऐकत होता. यालाच विश्वास म्हणतात. दुसरीकडे गेला असता तर असं स्पष्ट कोणी बोललं असतं का?

संध्याकाळी घरी ह्यांचे सांगलीचे चुलतभाऊ सहकुटुंब. आज व्यायाम नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार.

केस कापून आले. कॉलेजापासून अंबाडा घालते आहे. पण सेमिनारमध्ये तो म्हणाला होता की आपलं व्यक्तिमत्त्व काळाबरोबर हवं. शिवाय अंबाड्यासाठी दोन्ही हात मानेमागे न्यावे लागतात आणि सकाळी तेवढा वेळ नसतो. खांदा वगैरे कारण नाही.

घरी दार ह्यांनीच उघडलं. बघत राहिले, मग म्हणाले, पावणं, कोण पाहिजे? घरात हसायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच हसले.

मधल्या फळीवरचं सामान आता टेबलावर घेतलं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

आजचं मी संयमाने घेतलं, हे आधी नमूद करते.

बनाबाई आल्या. आठवडाभर व्यायाम केला का? व्हय, म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ, धार काढायच्या आधी आन् नंतर. चेहऱ्यावर समाधान. एकही दिवस न चुकवणारा पेशंट फार वर्षांनी बघितला. दाखवा म्हटलं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि डावा हात सरसर वर नेला, पार दाराच्या चौकटीच्या वर. म्हणाल्या, बगा बाई, लई झ्याक झालाय.

दुखतो उजवा. मी म्हटलं, उजव्याचं काय? म्हणाल्या, उजवा न्हाय उचलत. मी म्हटलं, मग डाव्याने व्यायाम कशाला केला? त्या म्हणाल्या, तुमी डाव्यानंच दावलासा की. मला वाटलं, दुखऱ्याला राखायचं आसंल आन् चांगल्याला त्याचं काम शिकवायचं आसंल.

प्रश्न विचारायचा होता, असं मी म्हटलं. बाहेरून दार उघडून बयाबाई आत आल्या, न बोलावता, आणि म्हणाल्या, मी हिला म्हनलंवतं, इचार बाईस्नी की खंचा हात, तर म्हनली, भ्या वाटतंय. मी आत असते तर इचारलं नसतं व्हय? मलाच बाहिर काढलासा!

चूक पेशंटची आहे. दुखतो तो हात हलवायचा, एवढं समजायला काय लागतं? पण मी ते न बोलता गिळलं. संवाद. मग बनाबाई म्हणाल्या, बरं, आता उजव्यानं दावा.

दाखवला. माझ्या अंदाजाने पूर्ण वर गेला. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बयाबाई जवळ आल्या आणि माझ्या कोपराला हात लावून हळू आवाजात म्हणाल्या, अगं बाई, तुमचं बी आमच्या बनासारखंच हाय की.

मी दोघींनाही बाहेर जायला सांगितलं. वेळ संपली होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

बनाबाई आल्या नाहीत. उचगावची बस वेळेवर नसते.

आज क्लिनिकमध्ये मी आणि मशिन्स. दुपारी नजीराबी जिन्यावरून डोकावल्या. कोणी नाही का, विचारलं. म्हटलं, आज मेंटेनन्स आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.

क्रांतीचा फोन. कशा आहात, जेवलात का, साहेब कसे आहेत. मग म्हणाली, मॅडम, हात कसा आहे? मी म्हटलं, कुठला हात? मागे गिरणी चालू होती. मग म्हणाली, उचगावच्या बनाबाई माझ्याकडं आल्या होत्या, त्या काळजी करत होत्या. मी म्हटलं, माझ्या पेशंटनी माझी काळजी करायचं कारण नाही आणि तुलाही नाही. फोन ठेवला.

आवाज मात्र ओळखीचा वाटला. गिरणीचा.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

प्रॅक्टिसच्या अडचणीचं मूळ सापडलं. पांढरा ॲप्रन. सेमिनारमध्ये तो म्हणाला होता की पांढऱ्याला पेशंट बिचकतो, रंगीत ट्युनिक घाला, आपलेपणा वाटतो. क्रांतीही तसलंच काहीतरी घालते. म्हणजे बोलणं वगैरे सगळं झूट, फरक कपड्यांचा आहे. मरून रंगाचा मागवला. डोक्यातून घालायचा, बटणं नाहीत.

सकाळी खांद्याचा व्यायाम करायला भिंतीपाशी उभी राहिले होते. कुकरची शिट्टी झाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

आज काही विशेष नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

काल विशेष होतं. क्रांतीला सांगायची सवय गेलेली नाही आणि यातलं बरंचसं तिला माहीतच आहे, म्हणून इथे लिहिते.

ट्युनिक आला होता. ड्रेसवरूनच घालून बघितला. कंपनीने माप चुकीचं पाठवलं आहे, याची नोंद घ्यावी. घालताना उजवा हात कसाबसा गेला. आरशात बघितलं, तर मी बँडवाल्यांच्यातली दिसत होते. म्हणून काढायला गेले. डोकं निम्मं आत असताना उजवा हात वरही जाईना आणि खालीही येईना. डावा त्याला मदत करायला वर गेला तो तिथेच अडकला. तोंडावर मरून कापड. समोरचं काही दिसेना. मागे सरकले तर कॉट, पुढे सरकले तर चालण्याच्या सरावाचे बार. माझ्याच क्लिनिकमध्ये मला दार कुठे आहे ते सांगता येईना.

खांद्यातून अशी कळ आली की पेशंट जो आवाज काढतात तो मी काढला.

बाहेर दिलदार येऊन बसला होता. म्हटलं, कोण आहे बाहेर? म्हणाला, मीच बाई, दिलदार, चालू द्या तुमचं, मला गडबड न्हाय. म्हटलं, आत ये. म्हणाला, पाटीवर लिवलंय न्हवं, बाहिर थांबावं म्हणून, आत पेशंट आसंल. म्हटलं, आत पेशंट नाही. म्हणाला, बाई, झटापटीचा आवाज येतोय, वराडतंय कोण तरी, बिचाऱ्याचं होऊ द्या आधी. मी मोठ्याने त्याला आत यायची आज्ञा केली. तो म्हणाला, मागल्या टायमाला न बोलावता आलो तर केवढी बोललीसा. म्हटलं, आता बोलावते आहे! म्हणाला, रागानं बोलवतासा.

इतकी वर्षं ज्यांना मी शिस्त लावली, त्यांतला एकही माणूस नियम मोडेना.

मग बाहेर तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, क्रांतीताई, जरा येतासा काय, बाईंच्या खोलीत कायतरी इपरित चाललंय.

क्रांती आली ती सरळ आत. दार वाजवलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, काढताना चांगला हात आधी, मॅडम. घालताना दुखरा आधी, काढताना चांगला आधी.

हे वाक्य माझं आहे. मी तिला शिकवलं होतं, आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात.

डावा निघाला, डोकं निघालं, मग उजवा अलगद. उजव्या बगलेत ट्युनिक उसवला. दिलदार दारात उभा होता. म्हणाला, मला वाटलं बाई कुणाला तरी ठोकत्यात.

दिलदारकडे क्रांतीचा नंबर कसा, हे विचारायचं राहिलं. तसा मनमिळाऊ आहे तो.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

क्रांतीची खोली बघून आले. पाहणी म्हणून. आपल्या हाताखाली शिकलेली मुलगी नियमाप्रमाणे काम करते की नाही, हे बघणं माझं काम आहे.

जिना अरुंद. पेशंट पायऱ्यांवर बसलेले. त्यांत राधानगरीच्या होत्या, मुंबईच्याही होत्या. मला बघून दोघींनी पदर तोंडाला लावला. लवकर परतल्या म्हणायच्या.

आत गर्दी. एका खोलीत जितके पेशंट तितकेच, किंबहुना जास्त, नातेवाईक. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा त्यांची सून वाकवत होती आणि क्रांती बाजूला उभी राहून सुनेला शिकवत होती, त्यांना नव्हे. कोपऱ्यात बनाबाई, हातात काठी, काठीचं दुसरं टोक बयाबाईंच्या हातात. बयाबाई ढकलत होत्या आणि बनाबाई त्यांना शिव्या देत होत्या. उजवा हात कपाळाच्या वर गेला होता. क्रांतीने विचारलं, रात्री किती दुखलं? बनाबाई म्हणाल्या, दुखलं न्हाय. बयाबाई म्हणाल्या, खोटं बोलतीया, दोनदा उठली. क्रांतीने व्यायाम कमी केला.

म्हणजे उत्तर नातेवाईकाचं ऐकायचं. अशी पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही.

निघताना ती म्हणाली, मॅडम, आता आलाच आहात तर बसा. बसले. तिने माझा हात धरून वर नेला, बाजूला नेला, मागे नेला. कुठे अडकतो ते बघितलं. मग म्हणाली, तुम्हीच सांगा ना, काय आहे हे.

मी छताकडे बघितलं. म्हटलं, बनाबाईंचं आहे ते.

खाली गिरणी चालू होती म्हणून बरं. ऐकू गेलं नसेल कोणाला.

तिने विचारलं, सोबत कोण आलंय? म्हटलं, मला सोबतीची गरज नाही. ती म्हणाली, बरं मॅडम. तेच बरं मॅडम. मग म्हणाली, उद्या साहेबांना घेऊन या. एकटीला मी आत घेत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

नेलं. क्रांतीने मला विचारलं, झोप लागते का? मी म्हटलं, उत्तम. हे म्हणाले, कसली उत्तम, कुशीवर वळली की वरडते, मी रोज हॉलमध्ये झोपतोय. क्रांतीने विचारलं, वेणी-फणी? मी म्हटलं, केस लहान ठेवते. हे म्हणाले, बांधता येईनात म्हणून कापलेत, आन् सांगते फॅशन. घरी व्यायाम? मी म्हटलं, रोज सकाळी. हे म्हणाले, रोज भिंतीपाशी उभी राहते, भिंत बघते आन् स्वयंपाकघरात जाते.

इतके दिवस हा माणूस वर्तमानपत्र वाचतो अशी माझी समजूत होती.

क्रांतीने सगळं ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांना! काठी कशी धरायची, किती रेटायचं, कुठे थांबायचं. ह्यांनी दोनदा तीनदा प्रश्न विचारले. तिने तोडलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

घर राहिलं नाही, मैदान झालं आहे. सकाळी चहाच्या आधी हे हॉलमध्ये गळ्यात शिट्टी घालून उभे. पेठेच्या टीमचे मॅनेजर होते तेव्हाची शिट्टी, कपाटातून शोधून काढली. मी भिंतीला बोटं लावायची आणि ह्यांनी ओरडायचं. वर! अजून वर! चढ की! आता काय, हाफ टाइम झाला व्हय? थांबायचं ठरलं आहे तिथे बरोबर थांबवतात, हे मात्र खरं.

बोट पोचेल तिथे रोज पेन्सिलीने रेघ मारतात. हॉलला दिवाळीच्या आधीच रंग दिला होता. मी म्हटलं, भिंत खराब होते. म्हणाले, होऊ दे, खांदा सुधारतोय.

पळून जायला जागा नाही. स्वयंपाकघरात गेले की मागे येतात. अंघोळीला गेले की दाराबाहेरून आठवण करतात. कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेले, तर तिथेही झाड बघून म्हणाले, चल, ह्या खोडावर चढव बोटं. फिरायला आलेले लोक बघत होते.

संध्याकाळी त्यांचे तीन मित्र आले ते फक्त रेघा बघायला. माझ्या खांद्याची पेठेत चर्चा आहे. एकाने जाताना मला सांगितलं, वहिनी, खेळ चांगलाय, फक्त मन लावा.

रेघ वर सरकते आहे. माझं मूळचं आरोग्य चांगलं असल्यामुळे.

२ डिसेंबर, मंगळवार.

दोन दिवस हे लग्नाला गेले होते. घर शांत. विश्रांतीही उपचाराचाच भाग असतो.

आज दोघं क्रांतीकडे. शेजारच्या कॉटवर दिलदार पालथा. क्रांतीने विचारलं, मॅडम, साहेब नसताना व्यायाम झाला? मी म्हटलं, करणारच होते, पण पाहुणे आले.

हे म्हणाले, कुठलं पावणं? मी कुलूप उघडून घरात आलो तेव्हा ही टीव्ही बघत होती.

क्रांतीने सुनावलं नाही. सुनावायला हवं होतं. मी असते तर सोडलं नसतं. ती फक्त हात धरून उभी राहिली. शेजारून दिलदारने मान वळवली आणि अगदी मायेने म्हणाला, होतं बाई असं.

४ डिसेंबर, गुरुवार.

नजीराबींनी वर बोलावून चहा दिला. विचार झाला का, म्हणाल्या. म्हटलं, प्रॅक्टिस वाढते आहे. त्या खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, वाढली, पण मागल्या गल्लीत. मग सरळच बोलल्या. क्रांती परत येणार असेल तर करार करते, तुम्ही एकट्या असाल तर नाही. त्या दिवशी आतून तुमचा आवाज आला तेव्हा मी जिन्यात होते, मलाही आत यायची भीती वाटली.

क्रांतीला फोन केला. मोठ्या जागेसाठी मला तुझी शिफारस करायची आहे, म्हटलं. ती म्हणाली, येते मॅडम, पण पद्धत माझी. म्हटलं, अर्थात. देखरेख माझी. ती म्हणाली, मॅडम, आधी खांदा.

हे सगळं तात्पुरतं आहे. असा खांदा सुटायला वर्ष-दीड वर्ष लागतं, असं मी पेशंटना सांगत आले. माझा गुढीपाडव्यापर्यंत सुटेल.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

क्लिनिक उघडून दिलं. क्रांतीने पहिल्यांदा सगळं सामान टेबलावरून परत वरच्या फळीवर ठेवलं. मी बघत राहिले. तिच्या हाताला फळी किती सहज लागते.

क्रांतीच्या ताब्यात दिलं ते असं:

शटरच्या किल्ल्या, जोडी.

कॉट, बार, लॅम्प, मशिन्स. सर्व चालू स्थितीत.

मरून ट्युनिक. एकदा वापरलेला, उजवी बगल उसवलेली.

दारावरची पाटी. खिळा वर होता, हात पोचला नाही. बयाबाईंनी काढून दिली. क्रांतीने ती हलणाऱ्या कॉटच्या पायाखाली सारली.

पेशंट, स्त्री, एक. उजवा खांदा. सोबत नातेवाईक, एक, शिट्टीसह. दोघेही आत.